गंजाचा हात

१

आधीच माफी मागतो. मी नववीत शाळा सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. पत्र्याच्या कामाला जेवढे लागतात तेवढेच मला येतात. तोंडानं सांगितलं असतं, पण चार माणसांसमोर उभा राहिलो की माझे तळहात घामानं भिजतात आणि जीभ कोरडी पडते. आत्ता लिहितानासुद्धा वहीवर हाताखाली फडकं घेतलं आहे.

या हातांपासूनच सुरुवात करतो.

काही माणसांच्या घामात खार जास्त असतो. अशा माणसानं घासून उघड्या केलेल्या पत्र्याला हात लावला तर लगेच काही दिसत नाही. एक रात्र जावी लागते. सकाळी त्या जागी नारिंगी पंजा उमटलेला असतो, पाचही बोटांसकट. वरून रंग मारला तरी खाली तो वाढत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी रंगाला फोड येतो.

सातारला अर्जुना मिस्त्रींच्या गॅरेजात मी सहा वर्षं पत्र्याचं काम शिकलो. जोड देणं, ठोकून सरळ करणं, गंज काढणं, सगळं त्यांनीच शिकवलं. मग एक दिवस एक गाडी परत आली. तिच्या बॉनेटवर रंगाखालून माझा पंजा फुगून वर आला होता. गाडीचा मालक त्यावर आपला हात ठेवून माप जुळतं का बघत होता आणि हसत होता.

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "मिलिंदा, तुज्या हातात गंज हाय रं. तुजी चूक न्हाई. पर माजी गिऱ्हाइकं तुटतील. तुज्याआदी एक कारागीर हुता माज्याकडं, त्याचंबी असंच."

"त्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"गेला," म्हणाले आणि पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

२

मी सांगलीला मामाकडे आलो. माधवनगरात यंत्रमागाची एक रिकामी शेड मिळाली. छपराला काचा आहेत, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड पडतो. पत्र्याच्या कामाला याहून चांगली जागा नाही. मी रबरी हातमोजे आणले, दारामागच्या खिळ्याला अडकवले, आणि फुटभर रुंद, तीन फूट लांब पोलादी पत्रा पाटीसाठी कापून ठेवला. नाव मात्र लिहिलं नाही. स्वतःचं एक तरी काम माझ्या हातून असं झालं पाहिजे की ज्याला नाव ठेवता येणार नाही, मगच पाटीवर नाव, असं ठरवलं होतं. सहा महिने नुसते मोटारसायकलचे मडगार्ड ठोकले.

आणि मग ती गाडी आली!

फलटणजवळचे सुभेदार उदयसिंह स्वतः चालवत आले. जुनी, उंच छपराची व्हॅन. आत पलंग, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पोपटांचे पडदे. पूर्वी महाबळेश्वरच्या एका हॉटेलची होती. सुभेदारांनी ती विकत घेऊन आत घर केलं, पण लावायला जागा नव्हती म्हणून गाडी तिथल्याच ओळखीच्या आवारात ठेवली. महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच. आठ पावसाळे तिनं उघड्यावर खाल्ले होते. दाराखालून पापुद्रे गळत होते. मी खाली वाकून बघितलं आणि खरं सांगतो, मला एवढा आनंद झाला की उठायचंच विसरलो.

"काय रं, झोपलास का काय खाली?" सुभेदार ओरडले.

"नाही. बघतोय."

"जोरात बोल की गड्या! हातोडा एवढा मोठा आन आवाज डासाचा."

"आवं, त्याला कशाला बुजवताय?" त्यांच्या पत्नी लीलाबाई दारातून उतरता उतरता म्हणाल्या. "बोलणाऱ्यानं आजवर काय केलं? तुमचा तो अर्जुना मिस्त्री लय बोलतोय."

सुभेदार गाडी आधी माझ्या उस्तादांकडेच घेऊन गेले होते. "गाडीभवती एक चक्कर मारली आन हात जोडलं. म्हनतोय, सुभेदार, येळ न्हाई. आरं, बाकड्यावर बसून च्या पीत हुता की!"

मग त्यांनी अट सांगितली. "रंगाखाली काय काय लपतंय ते फौजेत लय बघितलंय मी. तवा रंगाच्या आदी उघडा पत्रा मला दावायचा. सगळा. शुक्रवारी इन्स्पेक्शन. तुज्या उस्तादाला उचलून घिऊन येतो. त्यानं मान हलवली तर दसऱ्याला आमी दोघं निघालो जैसलमेरला, आन माज्या पलटणीतल्या दोघांच्या अशाच गाड्या हायत, त्या तुज्याकडं. त्यानं बोट दावलं, तर गाडी जशी हाय तशी घिऊन जाणार."

ज्या माणसानं माझ्या हाताला नाव ठेवलं, तोच माझं काम तपासणार होता. माझे तळहात तिथंच भिजले. पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

जाताना लीलाबाई म्हणाल्या, "पोरा, माज्या उशापाशी भिंतीत उंदीर हाय बघ. काल गाडीतच झोपलो, तर रातभर घासतोय."

"कुरतडतोय?"

"न्हाई. घासतोय. तू पत्रा घासतोस न्हवं, तसा."

३

पत्रा तपासायची रीत सोपी आहे. हातोडीच्या टोकानं टिचक्या मारत जायचं आणि ऐकायचं. चांगला पत्रा टण्ण वाजतो. सडलेला फद्द करतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक लांब बंद पेटी असते. गाडीचा जोर तिच्यावर. आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून तिच्या तळाला बोट जाईल एवढी पाच भोकं असतात. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बाकी काहीही कर पण ही भोकं बुजवू नको. भोकं बुजली की पाणी आत राहतं आणि गाडी आतून मरते.

तीन दिवस मी वेड्यासारखं काम केलं. पलंग काढला, ओटा काढला, सडलेला पत्रा कापला, नवीन जोडला. ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशखालून चांदीसारखा पत्रा वर येतो तेव्हा जे वाटतं ते मला लिहिता येत नाही. मामा जेवायला बोलवायला आले की मी 'आलो आलो' म्हणायचो आणि पुन्हा घासायचो.

उजवी पेटी बरीच सडलेली निघाली. डावी, म्हणजे पलंगाच्या बाजूची, बाहेरून धड होती. मी तिच्यावर टिचक्या मारत गेलो. टण्ण, टण्ण, टण्ण. पेटी रिकामी असते, म्हणून आवाज मोकळा येतो. लीलाबाईंच्या उशाखाली आलो तिथं आवाज बदलला. सडक्या पत्र्याचा फद्द नव्हता. भरलेल्या डब्याला ठोकल्यावर येतो तसा, जड आणि बसका. हातभर लांबी तेवढी तशी, पुढे पुन्हा मोकळा.

चिखल बसला असेल, म्हणून मी खडूनं तिथं खूण केली.

दुपारी चहा पिऊन आलो आणि पुन्हा ठोकून बघितलं. खुणेच्या जागी टण्ण वाजलं. जड आवाज आता दोन हात मागे, चाकाजवळ होता.

चिखल सरकत नाही. पण मी थकलो होतो, खडूची खूणच चुकली असेल असं धरून चाललो.

४

सोमवारी दुपारी पलंगाकडची आतली भिंत घासून झाली. आरशासारखी. तेवढ्यात लाईट गेली ती गेलीच. उघड्या पत्र्यावर हवेतला ओलावा बसू नये म्हणून मी भिंतीवर प्लास्टिक लावून घरी गेलो.

मंगळवारी सकाळी प्लास्टिक काढलं. उशी येते त्याच जागी एक नारिंगी पंजा होता.

हातमोजे कधी काढले मी? आठवेना. प्लास्टिक लावताना काढले असतील. स्वतःला दोन शिव्या दिल्या, पंजा घासून काढला, आणि त्या दिवशी हातमोजे मनगटाला चिकटपट्टीनं गुंडाळून काम केलं. पाणीसुद्धा तसंच प्यालो.

पण मन काही बसेना. मी कमी शिकलेला असलो तरी एक गोष्ट उस्तादांनी डोक्यात घातली आहे, शंका आली की तुकडा घेऊन बघायचं. संध्याकाळी एक भंगार पत्रा घासला, हातमोजे काढून त्यावर माझे दोन्ही तळहात दाबले, आणि तो तुकडा गाडीतच भिंतीला टेकवून ठेवला. वर दोनशेचा बल्ब लावून ठेवला. आता लाईटही होती आणि हवाही कोरडी.

बुधवारी सकाळी शेडचं शटर वर केलं तेव्हा माझं काळीज एवढं उडत होतं की हसू येत होतं. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर येतं तसं.

तुकड्यावर माझे दोन पंजे छान उमटले होते. आखूड बोटं, रुंद तळवा, उजव्यात अंगठ्याखाली जुन्या कापल्याची पांढरी रेघ.

भिंतीवरही पंजा होता. कालच्याच जागी. उजवाच हात. मी तुकडा त्याच्या शेजारी धरला. तो हात लांब होता, बोटं सडसडीत. अंगठ्याखाली रेघ नव्हती. आणि करंगळी वरच्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती, कधीतरी मोडून तशीच जुळल्यासारखी.

तो माझा हात नव्हता.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. घाबरलो होतोच. पण त्याच्याही आधी मला काय वाटलं ते लिहितो, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. मला आनंद झाला. सहा वर्षं गॅरेजात आणि नंतर इथं, माझ्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नव्हता.

५

शेडची चावी माझ्याकडे आणि मामांकडे. मामांच्या डाव्या-उजव्या दोन्ही करंगळ्या सरळ आहेत. मी जेवताना बघून घेतल्या.

"माझ्या हाताकडं काय बघतोयस रं?" मामा म्हणाले. "भाकरी पाहिजे का?"

गुरुवारी सकाळी पंजा पुन्हा होता. घासून काढला. मग ठरवलं, पेटी उघडायची. तशीही ती आतून बघितल्याशिवाय बंद करणं बरोबर नव्हतं. आत गंज असेल तर वरचं सगळं काम वाया.

पलंगाखाली, पेटीच्या वरच्या बाजूला एक जुना जोड होता. तो मी नीट बघितला आणि ओळखला. बारीक, एकसारखा, मण्यांच्या माळेसारखा. अर्जुना मिस्त्रींचा टाका. अख्ख्या जिल्ह्यात असा टाका दुसऱ्या कुणाचा नाही. म्हणजे ही पेटी त्यांनीच कधीतरी, हॉटेलच्या काळात, बंद केली होती. मग त्यांनी ही गाडी घ्यायला नकार का दिला, याचा विचार मी तेव्हा केला नाही. ग्राइंडर चालू होता.

वहीच्या पानाएवढी खिडकी कापली. पत्र्याचा तुकडा चिमट्यानं उचलला आणि टॉर्च मारला.

आठ पावसाळे खाल्लेल्या गाडीची पेटी. आत काय असतं ते मला माहीत आहे. काळपट पापुद्रे, चिखल, कुजलेला पाला. ही पेटी आतून चकचकीत होती. टॉर्चचा उजेड दोन्हीकडे दूरपर्यंत पळत गेला. पत्रा घासलेला होता. नुसता घासलेला नाही, एका दिशेनं, लांब हातानं, जसा उस्ताद शिकवतात तसा, कोपऱ्यापर्यंत. आणि त्या चकचकीत पत्र्यावर, वर, खाली, बाजूला, सगळीकडे नारिंगी पंजे. काही ताजे, काही अर्धे घासून काढलेले.

मला लगेच कळलं काय चाललं होतं ते. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार? तो घासत होता. घासायला हात टेकवावा लागतो. टेकवला की तिथं गंज. मग ते घासायचं. ते घासायला पुन्हा हात टेकवायचा.

पेटी आठ इंच रुंद आणि पाच इंच उंच होती. मी पट्टी लावून मोजली. दोनदा मोजली. मांजरसुद्धा अडकेल.

६

त्याच दुपारी, तीनच्या सुमाराला, मी गाडीखाली उताणा झोपून डाव्या पेटीची तळाची भोकं साफ करत होतो. वर कापलेल्या खिडकीवर दोनशेचा बल्ब सोडला होता, म्हणून पाचही भोकांतून उजेड खाली पडत होता. ओळीनं पाच पिवळे ठिपके. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत होती. भुताखेताची वेळ नव्हती ती.

पुढच्या चाकाजवळचा पहिला ठिपका विझला.

बल्ब हलला असेल, म्हणून मी थांबलो. पहिला पेटला, दुसरा विझला. मग दुसरा पेटला, तिसरा विझला. घाई नव्हती. घासत घासत मागे सरकणाऱ्या माणसाचा जो वेग असतो, तोच. आणि आवाजही येत होता. कानापासून वीतभर वर. सर्र, सर्र, सर्र. मध्येच थांबून फुंकर मारल्यासारखा. धूळ उडवायला आपण मारतो तशी.

चौथं भोक माझ्या तोंडावर होतं. ते विझलं आणि विझलेलंच राहिलं.

मी टॉर्च त्यावर धरला. भोकात अंधार नव्हता. भोक भरलेलं होतं, आतून काहीतरी टेकल्यासारखं. फिक्कट, ओलसर, आणि त्यावर बारीक बारीक रेघा, एकात एक गोल फिरलेल्या. आधार कार्ड काढताना काचेवर बोट दाबतो तेव्हा दिसतं तसं.

एक थेंब तिथून सुटला आणि माझ्या ओठावर पडला. खारट होता.

बाहेर कधी आलो आठवत नाही. कोपर सोललं होतं. शेडच्या दारात उभा राहून मी मोठ्यानं श्वास घेत होतो आणि भाजीवाल्यानं विचारलं, "काय पायजे?" मी म्हटलं, "काही नाही, काका." मग पाव किलो भेंडी घेतली. का घेतली माहीत नाही.

७

शुक्रवारी सकाळी पंजा होताच, आणि या वेळी मला तो काढायला वेळ मिळाला नाही. आठलाच हॉर्न वाजला. सुभेदार शब्दाचे पक्के. मागून लीलाबाई, आणि सगळ्यात शेवटी, चपला घासत, अर्जुना मिस्त्री. सहा महिन्यांत म्हातारे झाले होते.

सुभेदार उजव्या बाजूनं फिरले, नवीन पत्र्यावर टिचक्या मारल्या, जोडांवरून नख फिरवलं. "वा! सफाई हाय. काय मिस्त्री?"

मिस्त्री गाडीत चढून डाव्या भिंतीसमोर उभे होते. पंजा त्यांच्या समोर होता. शेजारी माझा भंगार तुकडाही तसाच टेकलेला होता, माझ्या दोन पंजांसकट.

माझे हातमोजे आतून ओले झाले. संपलं, मला वाटलं. आता बोट दाखवतील.

"अगं बाई, हा कुनाचा हात माज्या उशाला?" लीलाबाई डोकावून म्हणाल्या.

सुभेदार पुढे आले. "हे काय रं? गंज?"

"माजा हाय," मिस्त्री पटकन म्हणाले. "आत्ता टेकलो, तवा लागला. पुसतो." आणि बाहीनं तो पंजा पुसायला लागले. गंज बाहीनं पुसत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. आणि हात लावल्या लावल्या गंज उमटत नाही, हेही. सुभेदारांना ते माहीत नव्हतं.

"मग मान हलवा की मिस्त्री! पास का फेल?"

"पास," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले. "माज्यापरीस चांगलं केलंय पोरानं."

"ओके रिपोर्ट!" सुभेदारांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा उडाला. लीलाबाईंनी डब्यातला लाडू माझ्या तोंडात कोंबला. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि लाडू गिळताना मी सारखा मिस्त्रींच्या हाताकडे बघत होतो. ते अजून तो पंजा पुसतच होते.

नवराबायको मामांकडे चहाला गेले तेव्हा आम्ही दोघेच उरलो.

"आतनं बघितलंस?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"हो."

"आजच बंद कर. मेण मार आतनं, खिडकीवर पत्रा टाक. आन मिलिंदा, भोकं बी बुजव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "उस्ताद, पाणी कुठनं जाईल? दोन पावसाळ्यांत पेटी सडंल. हे दोघं आत झोपणार आहेत."

"सडू दे." त्यांनी माझं मनगट धरलं. "सोमवारपास्नं सातारला ये. माज्या शेजारी हुबा ऱ्हा. मिलिंदाच्या हातात गंज न्हाई, म्हनून मीच सांगतो सगळ्यास्नी. एवढं कर."

सहा महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो.

"तो कोण होता, उस्ताद? माझ्याआधीचा? त्यांची करंगळी वाकडी होती का?"

त्यांनी मनगट सोडलं. "लय चांगला कारागीर हुता," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

८

मी बुजवली.

लिहायला लाज वाटते, पण बुजवली. भिंत घासून प्रायमर मारला, पेटीत पुन्हा गंज धरू नये म्हणून नळीनं मेण फवारलं, खिडकीवर पत्रा जोडला, आणि संध्याकाळी गाडीखाली जाऊन एकेका भोकात सांधे भरायचा मसाला दाबला. चार झाली. पाचव्यात मसाला भरून बोट काढलं, तर तो आतून फुगून बाहेर आला, पेराएवढा. मी अंगठ्यानं आत दाबला. तो मऊ होता आणि मागे रेटत होता. वेल्डिंगनं आतली हवा तापली असेल, तापलेली हवा फुगते, असं मी मनात म्हणत राहिलो आणि दाबून धरलं. बऱ्याच वेळानं रेटणं थांबलं.

तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं.

काम पास झालं होतं, म्हणून निघण्याआधी मी पाटीचा पत्रा घासून चकचकीत केला, थिनरनं पुसला आणि टेबलावर ठेवला. उद्या नाव लिहायचं. पण कुठल्या तोंडानं लिहिणार, हे मला घरी जाताना रस्ताभर कळेना. ज्या गाडीची भोकं मी स्वतः बुजवली, ती माझ्या नावाची पहिली गाडी. आणि पेटीत जो होता त्याचं मी तेच केलं होतं जे उस्तादांनी माझं केलं होतं. हात वाईट, म्हणून बाहेर. त्याला तर बाहेरही नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी सहाला, तोंडही न धुता मी शेडमध्ये गेलो. ड्रिल घेतलं आणि गाडीखाली झोपलो. पहिलं भोक मोकळं केलं. दुसरं. तिसरं. चौथं. पाचव्यातून ड्रिल काढलं तेव्हा एक लांब उसासा बाहेर आला, कोमट, लोखंडाचा आणि घामाचा वास असलेला. मी डोळे मिटून पडून राहिलो. अंगावरून काहीतरी गेलं की वारा आला, सांगता येत नाही.

मग हातोडी घेऊन पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. टण्ण, टण्ण, टण्ण. सगळी रिकामी. मी मोठ्यानं हसलो. सातारला फोन लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उस्तादांशी न अडखळता बोललो.

"उस्ताद, भोकं उघडली मी. मी सातारला येत नाही."

"मग आता कुठं हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

मी वळलो. टेबलावर पाटीचा पत्रा होता, छपराच्या काचांतून पडलेल्या उजेडात चमकत. त्याच्या डाव्या बाजूला एक पंजा होता. नारिंगी नव्हता. ओला होता, नुकताच टेकलेला. लांब बोटं, करंगळी बाहेर वाकलेली. कडेनं तो वाळायला लागला होता.

"इथं हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

थिनरचं फडकं माझ्या हाताशी होतं. तेव्हाच पुसला असता तर काही उरलं नसतं. मी पुसला नाही. उजवा हातमोजा काढला आणि त्या पंजाशेजारी माझा तळहात दाबला, चांगला दहा आकडे मोजेपर्यंत.

मग हार्डवेअरचं दुकान उघडल्यावर हातमोज्यांचा आणखी एक जोड आणला, मोठ्या मापाचा. दारामागच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकला, जोड त्याला अडकवला, उजव्याची करंगळी थोडी बाहेर वाकवली, आणि कामाला लागलो.